रजईखालचा भोंगा

औशाकडून दर हिवाळ्यात हुरडा येतो. पाठवणारी माणसं बदलली. पूर्वी धोतराच्या फडक्यात बांधून यायचा, आता प्लास्टिकच्या पिशवीत येतो. पण कणसं तीच. अंगणात विटा मांडून गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यांत कणसं खुपसली, की तो दुधाळ, जळका वास घरभर होतो आणि आमच्याकडे दोन गोष्टी घडतात. बायको शेंगदाण्याची चटणी कुटायला बसते, आणि मी कानकोंडा होतो.

"हुरडा खाताना तोंड असं का करता हो? चोरून आणल्यासारखं?" ती विचारते.

"चटणी तिखट झालीय."

"अजून वाढली कुठंय?"

एवढं झालं की मी उठून निखारे सारखे करायला जातो. धुराकडं तोंड केलं की डोळ्यांना पाणी येण्याला कारण मिळतं.

त्याला कारण एक जुना हंगाम, निजामाच्या अमलातला, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला. मी हैदराबादेहून सायन्स पास होऊन नांदेडला परतलो होतो. शिकलो होतो सगळं उर्दूतून. विजेच्या अडथळ्याला आम्ही 'मुजाहमत' म्हणायचो. शब्द असा खानदानी, की तारेतून वीज निघालीय आणि मधे शेरवानीतला कुणी गृहस्थ अदबीनं वाट अडवून उभा आहे, असंच चित्र माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. नांदेडात तेव्हा रेडिओ मोजकेच. ते बिघडायचे, मी उघडायचो, मग ते आणखी बिघडायचे, आणि केव्हातरी आपोआप सुरू व्हायचे. या 'आपोआप'चं श्रेय मला मिळत गेलं. आई म्हणायची, "एवढा शिकून आलास अन् डब्यात डोकं घालून काय करून राहिलास?" पण गावात माझं नाव झालं. ते नाव गोदावरीकाठी राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. ते लातूरला पोचलं.

लातूरचे वजीरभाई स्वतः मला न्यायला आले. घरात पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचा धंदा, पण यांना सिनेमाचा नाद लागलेला. हिवाळ्यात जत्रा सुरू झाल्या की मोठा तंबू घेऊन ते गावोगाव फिरत. तेलाच्या इंजनावर वीज, भुईवर बसायला पोती, समोर पांढरा पडदा. पावसाळ्यात तंबू गुंडाळून ठेवायचा. जे काही कमवायचं ते या जत्रांच्या दिवसांतच. तंबू उभारणाऱ्या गड्यांपासून दिवा धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची चूल त्याच्यावर. त्या वर्षी त्यांनी सोलापूरच्या एका बंद पडलेल्या थिएटरातून आवाजाचं जुनं सामान आणलं होतं. एक कागदी पडद्याचा भला थोरला स्पीकर, जाड आवाजासाठी. आणि एक पत्र्याचा लांब भोंगा, बारीक आवाजासाठी. भोंग्याच्या बुडाशी धातूचा पातळ पापुद्रा असतो. तोच थरथरतो आणि बोलतो.

"मास्टर, सब कुछ है, एक पेटी गुम है," वजीरभाई म्हणाले. "बटवारे की पेटी."

म्हणजे आवाजाची वाटणी करणारी पेटी. जाड सूर थोरल्याकडं, बारीक सूर धाकट्याकडं. वाटणी कुठल्या सुराशी करायची हे ठरवायचं आणि त्याप्रमाणे तारेची वेटोळी न् कंडेन्सर जोडून पेटी तयार करायची, हे माझं काम. 'बटवारा' हा शब्द तेव्हा अजून हसत हसत उच्चारता येत होता.

"उसमें क्या है," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हणालो तेव्हा तेव्हा त्यात बरंच काही निघालं आहे.

वजीरभाईंचं घर म्हणजे मधे अंगण, भोवती खोल्या. एका खोलीत त्यांच्या अम्मी, शेजारच्या खोलीत करीमचाचा. चाचा म्हणजे वजीरभाईंच्या वडिलांचे धाकटे भाऊ. मुक्या सिनेमाच्या काळात हेच पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे. कोण आला, कोण गेला, नायिका का रडते. त्यांचा आवाज इतका खोल की तंबूच्या खांबाला हात लावला तरी तळव्याला कळायचा, असं लोक सांगत. सिनेमा बोलायला लागला आणि चाचा गप्प झाले. पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. "अब वो बोलते, मैं सुनता," म्हणायचे. दुपारी जेवून अंगणाकडच्या खिडकीशी आडवे व्हायचे.

त्याच अंगणात मी माझं दुकान मांडलं. रेडिओतले काचेचे दिवे जोडून केलेला, सूर काढणारा एक डबा. डबा आणि भोंगा यांच्यामधे माहीत असलेल्या मुजाहमतीची एक तार. आणि व्होल्ट मोजायचं घड्याळ. डब्यानं एक सूर धरायचा, त्या सुराला विजेचा किती भाग तारेवर पडतो आणि किती भोंग्यावर ते पाहायचं, त्यावरून भोंग्याचा अडथळा काढायचा. मग सूर थोडा चढवायचा, पुन्हा तेच. भोंग्यावर कारखान्यानं ओहमचा एकच आकडा छापलेला असतो. तो माणसाच्या नावापुढच्या पदवीसारखा. एरवी शोभतो, प्रसंग आला की त्याचा काही भरवसा नाही. खरा अडथळा दर सुराला बदलतो.

आणि एका ठिकाणी तो टेकडीसारखा वर चढतो. प्रत्येक पापुद्र्याचा एक लाडका सूर असतो. तो लागला की पापुद्रा स्वतःच झोके घ्यायला लागतो, ढकलावंच लागत नाही. मोजणीत टेकडी दिसते ती तिथं. त्या टेकडीपाशी वाटणी करायची नाही. छापील आकड्यावर बेतलेल्या पेटीला तिथं सूर आवरत नाहीत, नको तो जाड सूर ती भोंग्यात सोडते, आणि झोके घेणारा पापुद्रा फाटतो. टेकडीच्या निदान दुप्पट वर जायचं, मग धाकट्याला वाटा द्यायचा. हे सगळं मला पाठ होतं. उर्दूतून.

पहिला सूर लावला. "ऊंऽऽऽ" करून भोंगा असा काही गरजला, की भिंतीवरचं कबूतर उडालं आणि अम्मींच्या खोलीत काहीतरी भांडं पडलं. मी खिडकीकडं पाहिलं. चाचांचे डोळे मिटलेले. दुसरा सूर लावला. तिसरा. दर वेळी माझी नजर खिडकीकडं. मला कुणी काही बोललं नव्हतं. अम्मींनी चहा पाठवला होता, तोही हसून. पण परक्या घरात आपण दुपारच्या वेळी रेडा ओरडवतोय, बुजुर्ग माणूस झोपलाय, हे काही बरं दिसत नाही असं मला वाटलं.

आमच्या मराठवाड्यात 'लिहाज' नावाचा एक शब्द आहे. पुण्याकडच्या लोकांना तो 'भीड' म्हणून सांगावा लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. भीड माणसाला पडते; लिहाज माणूस राजीखुशीनं राखतो. समोरच्याला अवघडू द्यायचं नाही म्हणून आपण थोडं वाकडं व्हायचं. मला त्या घरात शिकलासवरलेला, खानदानी, लिहाज कळणारा म्हणून मिरवायचं होतं. ओसरीवर एक जाड रजई वाळत होती. ती मी उचलली आणि भोंग्याच्या तोंडात कोंबली. वरून तिचाच पदर गुंडाळला.

भोंगा गप्प झाला. मी खूश झालो. पुढचे सगळे सूर रजईखालून निघाले, गुदमरल्यासारखे.

लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून आकडे आले तसा मी अंगणातल्या चुन्याच्या भिंतीवर कोळशानं आलेख काढत गेलो. रेघ आडवीच्या आडवी चालली. मधे जराशी वर उठल्यासारखी झाली, एवढंच. लातूर-औशाच्या रस्त्यावर असतो तेवढा चढ. टेकडी कुठं नव्हतीच.

रजई कोंबल्यावर भोंग्यातली हवा मोकळी राहत नाही. पापुद्र्याला झोका घेता येत नाही, आणि टेकडी चेपून सपाट होते. हे मला कळायला हवं होतं की नाही? होतं. मी सायन्स पास होतो. पण सपाट रेघ पाहून माणसाला आनंद होतो, शंका येत नाही. शिवाय मला हाव सुटली होती. वाटणी जितकी खाली, तितकं बोलणं जास्त भोंग्यातून, आणि तितके शब्द स्पष्ट, पार शेवटच्या पोत्यापर्यंत. मी सहाशेच्या सुराशी, म्हणजे सेकंदाला सहाशे कंपनांपाशी, वाटणी केली आणि वजीरभाईंना म्हणालो, "आता तुमचा हीरो खोकला तरी बाहेरच्या पानवाल्याला कळंल."

तंबू पहिल्यांदा औशाबाहेर लागला. ज्वारी हुरड्यात आलेली. दुपारी आम्ही पेटी जोडून थोडी फिल्म चालवून पाहिली. बाईच्या बोलण्याला आवाज काचेसारखा. पुरुषाचं बोलणं आलं की मात्र भोंग्याच्या बुडाशी कुठंतरी चरचर.

वजीरभाईंनी मान तिरकी केली. "मास्टर, ये चरचर कायकी?"

"नवी जोडणी आहे. बसंल जागेवर."

ते "हौ" म्हणाले. त्यांनाही लिहाज होता.

रजईचं एक वेळ मी हसण्यावारी नेतो. बायकोला, मित्रांना ते रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. ही चरचर मात्र मी कधी कुणाला सांगत नाही. ती मी ऐकली होती.

दिवस मावळला. गाड्या जुंपून माणसं आलेली, तंबू ठासून भरलेला. सिनेमात एक म्हातारा बाप मुलीला हाका मारतो. जाड आवाजाचा नट होता. त्यानं पहिली हाक मारली, भोंगा थरारला. दुसरी हाक मारली आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज होऊन भोंगा बंद पडला. उरला एकटा थोरला स्पीकर, म्हणजे गोधडीत तोंड घालून कुणी भांडतंय असा घुमारा. शब्द एक कळेना.

"आवाज! आवाज!" पोत्यांवरून ओरडा सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, "न्हाई जमत तर कशाला बोलावता बे?" मी भोंग्याच्या मागं बसलो होतो. तिथंच आणखी मागं सरकलो.

मग पडद्याच्या बाजूनं एक आवाज आला. खांबातून आल्यासारखा.

"बैठो, बैठो! बघा मंडळी, म्हातारा कुणाला हाका मारून राहिला? लेकीला! लेक कुठं हाय? लेक हाय लातूरच्या बाजारात, बांगड्या भरायली! बाजार उठला तरी घरी न्हाई आली! बापाच्या पोटात कालवाकालव होनार का न्हाई?"

"होनार!" सगळा तंबू म्हणाला.

आमच्याबरोबर सिनेमा ऐकायला आलेले करीमचाचा शाल फेकून उभे होते. सिनेमातलं बोलणं त्यांना आठवत नव्हतं, म्हणून ते स्वतःचंच सांगत होते. खलनायकाला त्यांनी औशाचा दलाल केला. त्याच्या मिशीवर ते असं काही बोलले, की पुढच्या पोत्यावरच्या बायका पदर तोंडात धरून लोळल्या. खेळ संपला तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या त्या चाचांना. मीही पिटल्या.

नवा पापुद्रा मुंबईहून यायचा होता. लढाई चालू, तार केली तरी माल केव्हा निघेल ते कुणी सांगेना. तंबू बंद करावा तर जत्रा हातच्या जाणार. चाचा म्हणाले, "मैं हूं ना." आणि औशाहून किल्लारी, किल्लारीहून पुढं, तंबू चालत राहिला. दर संध्याकाळी चाचा बोलत राहिले. हिवाळ्याची कोरडी हवा, खळ्यांवरून उडणारं भूस, इंजनाचा धूर. मुक्या सिनेमाला अधूनमधून बोललं की भागायचं; आता घुमाऱ्याच्या वर आवाज चढवून सलग बोलायचं. त्यांचा आवाज खोल होता, ओरडण्यासाठी नव्हता. तो वर चढवावा लागत होता, जिथं तो राहत नव्हता तिथं.

काही गावांनंतर मला त्यात ऐकू आलं. चरचर.

खांबाला टेकून मी ती ऐकत होतो. वजीरभाईंना म्हणू शकलो असतो, की तंबू उतरवा. म्हणालो नाही. कारण चाचा जितके छान बोलत, तितकी माझी चूक लहान होत जाई. लोक म्हणायला लागले, "ते भोंग्यापक्षा हे लई बेस हाय." मला ते गोड लागायचं. मी चाचांना मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, आणून द्यायचो, चहात मिरी घालायला सांगायचो. सेवा फार केली. हकीमसाहेबांनी नाडी पाहून "बोलना बंद" सांगितलं, तेव्हा चाचा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बोलना बंद करके सांगूं क्या, हकीमसाब?" आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

एका संध्याकाळी त्यांनी "बैठो, बैठो" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तंबू वाट पाहत राहिला. त्यांनी गळ्याला हात लावला, पुन्हा उघडलं. नुसती हवा. मग त्यांनी पडद्याकडं हात केला, कपाळाला हात लावून लोकांना सलाम केला आणि पोत्यांवर लोकांत जाऊन बसले. कुणी "आवाज" म्हणून ओरडलं नाही. औशाला माझ्यावर ओरडले होते, ते बरं होतं.

पापुद्रा आला तो हंगाम सरताना. स्टेशनवरून मीच तो सोडवून आणला. लातूरच्या त्याच अंगणात पुन्हा भोंगा मांडला, डबा मांडला. या वेळी रजई नाही. सूर चढवत गेलो, आणि पाचशेच्या जवळ घड्याळाचा काटा असा काही उसळला की मी हात मागं घेतला. पुन्हा मोजलं. तेच. बालाघाटाच्या पठारावर मधेच डोंगर उभा राहावा तशी टेकडी. त्या टेकडीच्या पायथ्याशी मी वाटणी मांडली होती. ती हजाराच्या वर हवी होती. मला भिंतीवरच्या माझ्या जुन्या रेघेशेजारी नवी काढायची होती, म्हणून कोळसा घेऊन उठलो. भिंत पांढरीशुभ्र होती. नवा चुना.

"अम्मी, यहां लकीर थी," मी म्हणालो.

अम्मी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थी क्या? मेरेकू नै मालूम, बेटा. दीवार मैली होगई थी तो पोत दी." बाकीच्या तीन भिंती तशाच मळक्या होत्या.

मी पेटी नव्यानं बांधली. वजीरभाईंना सांगितलं, की चूक माझी होती, रजईची होती, आणि नंतरची सगळी माझी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छोडो मास्टर. पुराना माल था, फटनाच था." गडीही तेच म्हणाले. मी कुणाला काही सांगायला गेलो, की समोरचा पटकन चहा मागवायचा. दोष घ्यायला मी हात पुढं केलेला, आणि सगळ्यांचे हात पाठीमागं. माझ्यावर त्या घरानं एक अख्खी रजई घातली, ऊबदार, आणि तिच्याखाली मी आजवर मोजला जातोय. रेघ सपाट येते. आत काय आहे ते मला माहीत आहे.

आता आमच्या गल्लीत उत्सवाला भिंतीएवढे स्पीकर लावतात. परवा एक लावणारा मुलगा सांगत होता, "आजोबा, आता कंप्युटरवरच समद्या टेकड्या दिसतेत." मी त्याला विचारलं, "झाकून मोजतोस का उघडं?" तो हसला. "झाकून कोन मोजतंय?"

त्या हंगामातला शेवटचा हुरडा औशालाच खाल्ला. वजीरभाईंच्या ओळखीच्या एकाच्या शेतात दुपारी आगटी पेटवली होती. वजीरभाई बांधावर कुणाशी बोलत उभे. मी आणि चाचा निखाऱ्यांपाशी. कणीस काढायचं, दोन्ही तळव्यांत चोळायचं, दाणे सुटले की फुंकर घालायची. कोंडा उडतो, दाणे राहतात. चाचांची फुंकर शाबूत होती. ते आधी माझ्या ओंजळीत दाणे टाकत, मग स्वतः खात. मी वाक्य जुळवत होतो. उर्दूतून जुळवलं, मराठीतून जुळवलं. माफी मागायची होती, आणि ती ऐकून त्यांना काहीतरी म्हणावं लागेल, त्यासाठी गळ्याला ताण पडेल, याचीही मला भीती वाटत होती.

चाचांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं ऐकायला आता कान तोंडापाशी न्यावा लागायचा.

"दोपहर कू तेरा वो डब्बा ऊंऽऽ करता था ना," ते कुजबुजले. त्या 'ऊं'ला आवाज नव्हता, नुसते ओठ गोल झाले. "भौत अच्छा लगता था. मैं जागताच पडा रहता था, सुनते सुनते. फिर एकदम कायकू बंद करा?"

वाऱ्यानं धूर आमच्याकडं वळला.

"तुमची झोप मोडंल म्हणून, चाचा."

चाचा हसले. हसण्याचा आवाज आलाच नाही. नुसती फुंकर आली, आणि माझ्या तळहातावरचा कोंडा उडून गेला.